जांभळ्याला मागणी आहे

३ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही, माझी मीच. जबाबदारीच्या माणसाने दिवसभरातलं टिपून ठेवावं म्हणतात. जबाबदारी अजून आलेली नाही, पण निघाली आहे.

कंपनीत नवीन सॉफ्टवेअर आलं. कुठला थर्मास किती बनवायचा, गोदामात किती ठेवायचा, हे यापुढे कॉम्प्युटर सांगणार. कॉम्प्युटरला काय सांगायचं ते मी सांगणार. म्हणजे एकूण मीच.

साहेबांनी मीटिंग घेतली. म्हणाले, आपण थर्मास विकायला बसलोय, साठवायला नाही. दुसरं गोदाम भाड्याचं आहे, ते डिसेंबरअखेर रिकामं करून किल्ली मालकाला परत द्यायची. जो हे करून दाखवेल तो नियोजन-प्रमुख. त्याला केबिन. बोलताना सारखे माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे हे खरं, पण घड्याळाकडे कोणी इतक्या आशेने बघत नाही.

तेवीस वर्षं प्लॅनिंगला आहे. टेबल पहिल्या दिवसापासून जिन्याखाली. वर कोणी धावलं की चहात धूळ पडते. ही केबिन मला मिळालीच पाहिजे. हिला सांगितलं. ही म्हणाली, मिळाली तर बरंच होईल, तुमचे शर्ट तरी स्वच्छ राहतील. बायकांची नजर लहान.

४ ऑगस्ट
सॉफ्टवेअरवाल्याने सांगितलं, एक खोटी ऑर्डर टाकून बघा, नीट चालतं का कळेल. मग काढून टाका.

जांभळ्या थर्मासची टाकली. दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हौसेखातर जांभळा रंग काढला होता, तो कोणीही घेतला नाही. तीसेक नग गोदामाच्या कोपऱ्यात पडून आहेत. जांभळा कोणी मागतच नाही, त्यामुळे खोटी ऑर्डर काढताना पटकन सापडेल. याला दूरदृष्टी म्हणतात. ग्राहकाचं नाव टाकलं अबक एंटरप्रायझेस. पत्ता भरल्याशिवाय पुढे जाईना, म्हणून घरचाच टाकला. नग दोन हजार. कॉम्प्युटरने हूं की चूं न करता घेतली.

काढून टाकणार तेवढ्यात चहा आला. चहा घेऊन बघतो तर सॉफ्टवेअर आपोआप बंद झालेलं आणि पासवर्ड आठवेना. उद्या.

५ ऑगस्ट
पासवर्ड मिळाला. दिवसभर मीटिंग. उद्या नक्की.

७ ऑगस्ट
काहीतरी काढून टाकायचं होतं. ते काय, हे चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवलं होतं. चिठ्ठी पंख्याने उडाली. महत्त्वाचं असेल तर आठवेलच.

९ ऑगस्ट, रविवार
नियोजन घरापासून सुरू झालं पाहिजे. कपाट उघडून बघितलं. साबणाच्या अकरा वड्या. टूथपेस्ट चार. हिला समजावलं, की हा पडून राहिलेला माल आहे, पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेली जागा, आणि जागेला किंमत असते. एक वापरात, एक शिल्लक, एवढंच ठेवायचं. ही म्हणाली, बरं. फार पटकन म्हणाली. मला वाटतं पटलं.

२४ ऑगस्ट
टूथपेस्ट संपली. मागणीचा अंदाज चुकला नाही, मधे मेव्हणा दोन दिवस राहायला आला होता. हिचा धाकटा भाऊ. कुठल्याशा मोठ्या वाहतूक कंपनीत खरेदी खात्यात आहे आणि दात फार घासतो. अशा अचानक येणाऱ्या मागणीला नियोजनाच्या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. सकाळी मिठाने दात घासून ऑफिसला.

३१ ऑगस्ट
स्टीलच्या साध्या थर्मासला डीलर जास्त माल मागतात. माझा नवा नियम: मागितलं त्याच्या निम्मंच द्यायचं. गोदाम आपोआप आटोक्यात. साधी गोष्ट, पण इतकी वर्षं कोणाला सुचली नाही.

७ सप्टेंबर, सोमवार
डीलर आता दुप्पट मागतात. बाजार उसळला आहे. विक्रीप्रमुखाला विचारलं. याला सगळे पाठीमागे वाढीव म्हणतात, कारण तो दहा विकून पंधरा सांगतो. म्हणाला, निम्मं मिळणार हे कळल्यावर शहाणा माणूस दुप्पटच मागणार. मी हसून सोडून दिलं. विक्रीच्या माणसांना आकड्यांमागचं दिसत नाही.

१४ सप्टेंबर
मोठा दिवस. सॉफ्टवेअरने पुढच्या तिमाहीचा पहिला अंदाज दिला. सगळे रंग जागच्या जागी, आणि जांभळा? जांभळ्याची रेघ जिना चढावा तशी सरळ वर. दोन वर्षांत एकही नग नाही आणि एकदम एका ग्राहकाचे दोन हजार. अबक एंटरप्रायझेस. नाव ओळखीचं वाटतं. जुने ग्राहक असावेत.

मीटिंगमध्ये मांडलं. म्हटलं, जांभळ्याला मागणी आहे. वाढीवने एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे बघितलं, आणि म्हणाला, मी हेच सांगणार होतो, बाजारात जांभळ्याची हवा आहे. साहेबांनी विचारलं, ते अबकवाले तुम्हीच आणलेत का. वाढीव म्हणाला, फार दिवस मागे लागलो होतो. साहेब खूश. कारखान्याला सात हजारांची सूचना गेली: दोन हजार अबकचे, पाच हजार वाढत्या मागणीसाठी.

कोणाच्या लक्षात आलं हे पहिल्यांदा? माझ्या. वाढीवने श्रेय लाटलं. आयत्या बिळावर नागोबा.

२५ सप्टेंबर
साहेबांनी वरच्या मंडळींपुढे भाषण केलं, त्यात अबक एंटरप्रायझेसचा तीनदा उल्लेख आला म्हणतात. वाढीव जेवताना सांगत होता, की अबकच्या शेठबरोबर परवा जेवण झालं. दिलदार माणूस, तीन मुली आहेत, धाकटी चित्रं फार सुंदर काढते. ऐकून बरं वाटलं. धंद्यात अशी माणसं कमीच.

८ ऑक्टोबर
कारखान्यात तीन आठवडे जांभळाच चालू आहे. मशीनवरच्या माणसांचे हात जांभळे. स्टीलचा माल संपत आला, डीलर ओरडतात. ओरडू देत. ते कालचं बघतात, मी उद्याचं.

कंबर दुखते. जिन्याखाली ताठ बसता येत नाही. केबिनमध्ये खुर्ची कुठल्या बाजूला ठेवावी याचा विचार केला. खिडकीकडे पाठ.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११.४०
हिचा फोन. आज हिच्या शाळेच्या ऑफिसला सुट्टी, म्हणून घरी होती. म्हणाली, दारात टेम्पो उभा आहे, टेम्पोवाला अबक एंटरप्रायझेस कुठे म्हणून विचारतो आणि पत्ता आपलाच दाखवतो. हे कोण आले आपल्याकडे?

दुपारी २
अबक म्हणजे मी. चार ऑगस्टचा मी. चहा आला होता.

हिला सांगितलं, ऑफिसातल्या कोणीतरी पत्त्याचा घोळ केला आहे. ही म्हणाली, त्या बिचाऱ्याची आता धडगत नसेल. म्हटलं, बघू.

सायंकाळी
शांतपणे विचार केला. चूक सॉफ्टवेअरची आहे. माणूस खोटं बोलला तरी यंत्राला कळायला नको? तरीही माझा स्वभाव सरळ, साहेबांना सगळं सांगून मोकळा होणार होतो. केबिनपर्यंत गेलोसुद्धा. आत वाढीव सांगत होता, की अबकचे शेठ आणखी माल मागतात. साहेब हसत होते. इतकं हसताना त्यांना मी कधी बघितलेलं नाही.

परत येऊन बसलो. म्हणजे मला तीन मुली आहेत, आणि धाकटी चित्रं सुंदर काढते.

टेम्पो परत गोदामात घ्यावा तर परतीचं कारण लिहावं लागतं आणि ते कारण साहेबांकडे जातं. टेम्पोवाल्याला फोन करून सांगितलं, पार्टी बाहेरगावी आहे, जरा फिरत राहा. कुठे फिरू विचारतो. म्हटलं, रस्त्यावर.

३१ ऑक्टोबर, शनिवार
महिनाअखेरची मोजणी. गोदामात आहे तेवढाच माल मोजतात, वाटेत असलेला मोजत नाहीत. टेम्पो वाटेत असल्यामुळे दुसऱ्या गोदामातला साठा चक्क कमी दिसला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

म्हणजे मी घाबरून केलं ते मुळात धोरणच होतं. कधी कधी हाताला आधी कळतं, डोक्याला मागाहून. गोदाम रिकामं करायचा हा नवा मार्ग. याला मी चालतं गोदाम असं नाव दिलं आहे.

हिने विचारलं, तुम्हाला झोप का येत नाही. म्हटलं, नवीन कल्पना आली की असं होतं.

६ नोव्हेंबर
पुढच्या मोजणीसाठी आणखी तीन टेम्पो बोलून ठेवले. त्यांत जांभळे तर आहेतच, शिवाय दाखवायला बरं म्हणून थोडे स्टीलचेही. दिवस असा: सकाळी टेम्पोवाल्यांचे फोन, दुपारी टेम्पोवाल्यांचे फोन. एकाला दक्षिणेकडे पाठवलं, एकाला उत्तरेकडे. दोघं वाटेत एका ठिकाणी चहाला भेटले आणि त्यांनी मला फोन करून विचारलं, की आम्ही एकमेकांना ओलांडून कुठे चाललोय. फोन ठेवला. सगळ्यांना सगळं समजावत बसलं तर कामं होत नाहीत.

२० नोव्हेंबर
थंडी पडली. थर्मासला खरी मागणी आत्ता. एका मोठ्या डीलरला चारशे स्टीलचे आजच्या आज हवे होते. गोदामात स्टीलचा एक नग नाही. आहेत ते माझ्या टेम्पोत, आणि टेम्पो पंक्चर होऊन दोनशे किलोमीटरवर. गोदामवाल्या कुलूपकाकांनी डीलरला सांगितलं, जांभळे हवे तेवढे न्या, वर बसून जेवलं तरी खोकी दबत नाहीत. हे स्वतः जेवून झोपतात त्यावर. डीलरने फोन आपटला.

घोडं कुठे पेंड खातं ते मला कळलं आहे. टेम्पो कमी पडतात. मोजणी पार पडली की डीलरकडे जातीने लक्ष घालणार.

दमलो आहे. दिवसभर फोन वाजतो. आज तर घरातल्या कुकरच्या शिटीलाही हॅलो म्हणालो.

१ डिसेंबर, मंगळवार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

मीटिंग चालू होती. साहेब माझ्या घटत्या साठ्याचा तक्ता भिंतीवर दाखवत होते. दार ढकलून पहिला टेम्पोवाला आत आला. दाढी वाढलेली. सगळ्यांना नमस्कार करून म्हणाला, दीड महिना झाला, मालक, आता माझ्या घरी मूल मला ओळखत नाही. हा माल कोणाचा, ते तरी सांगा. साहेबांनी विचारलं, कुठला माल. त्याने पत्त्याचा कागद पुढे केला, मग माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ह्यांच्याच घरचा पत्ता आहे, वहिनींनी मला पाणी दिलं होतं.

साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मी आणि वाढीव सोडून. मी सगळं सांगितलं. चहापासून. साहेबांनी वाढीवला विचारलं, शेठबरोबर जेवलात ते कोण होतं? वाढीव म्हणाला, मला तेव्हाच त्या माणसाचा संशय आला होता.

११ डिसेंबर
निर्णय आला. मला काढता येत नाही. काढलं तर का काढलं ते सांगावं लागेल, आणि अबकचं नाव साहेबांनी स्वतःच्या तोंडाने वर सांगितलं आहे. म्हणून माझी बदली दुसऱ्या गोदामात. डीलरांचा स्टीलचा माल तिकडून हलवला, टेम्पो परत आले, तिथे आता फक्त सात हजार जांभळे. भाड्याची मुदत वाढवली. साहेब शांतपणे म्हणाले, ते तुम्ही जन्माला घातलेत, तुम्हीच खपवा. शेवटचा नग गेला की किल्ली मालकाला देऊ, आणि त्या दिवसापासून तुम्हीही येऊ नका.

हिला सांगितलं, स्वतंत्र गोदामाचा कारभार दिला आहे. पूर्ण जबाबदारी. हिने डोळे मोठे केले, मग शेजारी जाऊन सांगून आली. मी अडवलं नाही. तेवीस वर्षांत हिला शेजारी जाऊन सांगण्यासारखं मी काही दिलं नव्हतं.

१४ डिसेंबर, सोमवार
गोदामातला पहिला दिवस. पत्र्याचं छप्पर, एक बल्ब, कुलूपकाका आणि बॉक्सच्या भिंती. कोपऱ्यात बॉक्स रचून काकांनी मला तीन बाजूंनी आडोसा करून दिला. मधे टेबल. एका दृष्टीने केबिनच.

२८ डिसेंबर
दोन आठवड्यांत खपले बारा. नऊ कुलूपकाकांच्या नातेवाइकांनी नेले, तीन चुकून दुसऱ्या ऑर्डरमध्ये गेले.

वाईट वाटून घेत बसलो होतो. मग सवयीने कागद ओढला. आठवड्याला सहा. सात हजारांना सहाने भागलं, आठवड्यांची वर्षं केली. बावीस वर्षं! मला निवृत्त व्हायला नऊच राहिली आहेत. म्हणजे हा माल मला पुरून उरतो. शेवटचा नग जाण्याआधी मीच जाईन, हार घालून. आयुष्यातला पहिला अंदाज, जो चुकूच शकत नाही.

बऱ्याच महिन्यांनी दुपारी झोप लागली. खोकी खरंच दबत नाहीत.

१२ जानेवारी
एक दुकानदार आला. शंभर नग बघायला. त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, की रंग डोळ्यांत भरतो, पण गिऱ्हाइकाच्या नाही. त्याने पन्नासवर आणलं. म्हटलं, घाई करू नका, घरी विचारा. गेला. कुलूपकाका म्हणाले, आला होता तो घेणारा होता. म्हटलं, काका, मागणीचंही नियोजन करावं लागतं. नाहीतर साठा संपतो.

नवीन वर्षाचे संकल्प: सकाळी चालणे. कंबर. हिला एकदा सगळं खरं सांगणे.

३ फेब्रुवारी
चालणे जमत नाही. दुसरा संकल्प या आठवड्यात.

हिने विचारलं, तुमच्या गोदामात काम कसं चाललंय, तुम्ही काही बोलत नाही. जेवताना सहज बोलून गेलो, की माल हलत नाही. ही माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. म्हणाली, एक थर्मास मला द्या ना, शाळेत नेते.

दिला. एकाने काय फरक पडतो.

१८ फेब्रुवारी
ही रोज तो थर्मास पिशवीत घालून नेते. संध्याकाळी फोनवर हळू आवाजात बोलते, मी आलो की ठेवते. आज विचारलं तर हसली. इतक्या वर्षांनी हिचं काही लपवणं बघून गंमत वाटली.

५ मार्च, शुक्रवार
जेवण झाल्यावर हिने मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, तुमची एक काळजी मिटली. म्हटलं, कोणती. म्हणाली, भावाच्या कंपनीला पन्नास वर्षं होतात. प्रत्येक कामगाराला भेट द्यायची आहे. त्यांच्या गाड्यांचा रंगच जांभळा. महिनाभर त्याच्या मागे होते, त्याच्या साहेबांना थर्मास नेऊन दाखवला, त्यांनी त्यात सकाळी चहा भरला तर संध्याकाळपर्यंत गरम. सगळे घेणार. एकूणएक.

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. ही म्हणाली, आनंदाने बोलवेना ना? आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, तुम्ही रात्र रात्र जागता, मला काय दिसत नाही?

हिने इतक्या प्रेमाने केलेलं काही मोडायला माझी जीभ वळेना. म्हटलं, छान झालं.

८ मार्च, सोमवार
साहेबांचा फोन. पहिल्यांदाच मला नावाने, जी लावून. म्हणाले, मानलं बुवा तुम्हाला. मी विचारलं, आता माझं काय? म्हणाले, ठरल्याप्रमाणे. आणि पुन्हा एकदा मानलं.

मेव्हण्याला फोन करून सुचवलं, की एवढा माल एकदम घेऊ नका, दहा वर्षांत विभागून घ्या, जागा अडकत नाही. तो म्हणाला, दाजी, तुम्ही पण ना, गंमत करता.

१५ मार्च
टेम्पो लागले. ओळखीचेच टेम्पोवाले. ह्या वेळी पत्ता खरा आहे ना, असं विचारून निघाले. एकेक थप्पी जाते तशी भिंत खाली येते. दुपारपर्यंत माझ्या केबिनला दोनच बाजू उरल्या.

१७ मार्च
एकच बाजू.

१९ मार्च, शुक्रवार
शेवटचा टेम्पो गेला. पण मी एक बॉक्स टेबलाखाली सरकवून वर माझा कोट टाकला होता. चोवीस नग. मोठ्या नियोजनात थोडी राखीव शिल्लक ठेवतातच. शेवटचा नग गेला तर किल्ली, आणि हे चोवीस गेलेच नाहीत तर? आठवड्याला सहा नको, वर्षाला तीन विकेन. आठ वर्षं. शेवटचं एक वर्ष बघता येईल.

कुलूपकाकांनी बघितलं. पुढे होऊन कोट नीट केला.

२२ मार्च, सोमवार
सकाळीच मेव्हण्याचा हिला फोन. एक बॉक्स कमी भरला. शेवटच्या शाखेतले चोवीस कामगार राहिले, त्यांना काय सांगू म्हणतो. हिने मला फोन केला. आवाज बारीक झालेला. म्हणाली, माझ्या शब्दावर त्याने सगळं जमवलं हो, त्याच्या साहेबांसमोर तो तोंडघशी पडेल. तुमच्याकडे कुठे राहिला असेल तर बघता का?

हत्ती गेला होता, शेपूट माझ्या टेबलाखाली होतं. बघतो म्हटलं.

बॉक्स स्कूटरवर पायांत ठेवून स्वतः मेव्हण्याच्या ऑफिसात पोचवला. गुडघे बाहेर काढून चालवावी लागली. त्याने चहा मागवला, चोवीस नग मोजून घेतले. म्हणाला, ताई सांगते दाजींनी ह्या मालासाठी काय काय सोसलं. मला वाटतं तुम्हाला आता मोठं पद देतील. म्हटलं, बघू.

परत आलो तर गोदामाचा मालक दारात उभा होता. कुलूपकाकांनी किल्ली त्याच्या हातात दिली. आत बोललो तर आवाज घुमत होता. टेबल कोणाचं, असं मालकाने विचारलं. कंपनीचं, म्हटलं. बाकी काही नव्हतं. कोट घेतला.

२२ मार्च, संध्याकाळी
वाटेत उगाच दोन वेळा चौकाला वळसा घातला. घरी ही दारातच होती. भावाचा फोन येऊन गेला होता, फार खूश होता म्हणाली. मग विचारलं, गोदाम रिकामं करून दाखवलंत, आता परत मोठ्या ऑफिसात ना? उद्यापासून?

सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. हिच्या एका हातात इस्त्री होती.

म्हणाली, मग निळा शर्ट काढून ठेवू का सकाळसाठी?

ठेव म्हटलं.